पापनाशमचं इंजिन

पंजूमामा माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या यंत्राकडे बघत. तंजावरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली म्हणून मी सांगलीहून तिथं गेले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं देणारं एक मराठी घर आहे, असं कुणीतरी सांगितलं. दाराशी मी स्कूटर उभी केली. ती बंद करायच्या आतच पांढरी वेष्टी नेसलेले, उघड्या अंगाचे एक उंच गृहस्थ बाहेर आले. त्यांच्या हातात हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक त्यांनी माझ्या स्कूटरच्या इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मी तशीच सीटवर.

"बेअरिंग जाणार," ते म्हणाले. "एक महिना चालंल. आवाज आधीं येतो, मोडणं मागून येतं." मग डोळे उघडून त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "घर होणा कां?"

'होणा' म्हणजे 'हवंय', हे मला नंतर कळलं. तंजावरच्या मराठीत कॉफी होणा, पाणी होणा, मुलीला स्थळ होणा. त्या क्षणी मात्र हे कसलं घर, हे कसले मालक, असं वाटून मी परत फिरणार होते. मागून चंद्रामामी आल्या आणि मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. बेअरिंग महिन्याभरानं गेलंच. तोवर मी त्या घरातलीच झाले होते.

मामांचं पूर्ण नाव पंचनदराव. तिरुवैयारूच्या देवावरून ठेवलेलं. तमिळ शेजाऱ्यांनी त्याचं 'पंजू' केलं आणि तेच राहिलं. घराणं मराठी. घरात मराठीच बोलत, पण देवनागरी त्यांना वाचता येत नसे. आकडे, मापं, बायकोला लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळं तमिळ लिपीत. मी त्यांच्यावर हे लिहिते आहे ते त्यांना वाचता आलं नसतं. मला वाचून दाखवावं लागलं असतं आणि त्यांनी मधेच "पोदुम, पुरे" म्हणून थांबवलं असतं.

एका साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुनं लेथ आणून बसवलं आणि लहान इंजिनं करायला घेतली. शोभेची नव्हेत, चालणारी. तळहातावर मावेल असं वाफेचं इंजिन, काडेपेटीएवढा पंप. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांतलं एक दाखवलं. मामींनी कॉफी आणली होती. मामांनी वाफाळत्या पेल्यावर बशीसारखी एक पितळी चकती ठेवली. तिच्यावर एक बारीक चाक होतं. बोटानं त्याला एक टिचकी मारली आणि चाक फिरू लागलं. ना धूर, ना आवाज. नुसत्या कॉफीच्या उष्णतेवर ते फिरत होतं. सांगलीच्या वर्गात मी हे तत्त्व दहा वर्षं शिकवत होते, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

"आता माझी कॉफी गार होईल की," मी म्हटलं.

"आधीं इंजिनाला, मग माणसाला," मामा म्हणाले.

"ऐकलंस ना?" मामी आतून म्हणाल्या. "ह्या घरांत अस्कीं इंजिनं चालतात. माझा मिक्सर तेवढा तीन महिने पडून आहे." 'अस्कीं' म्हणजे सगळी, हेही मी तिथंच शिकले.

शेडमध्ये त्यांच्याजवळ बसणं हा माझा रविवारचा विरंगुळा झाला. मामा बोलत कमी. एखादा भाग कानशीनं घासताना दर चार हातांनंतर थांबायचे, मोजायचे, पुन्हा चार हात. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "कानस फिरवायला ताकद पुरे होते, टीचरम्मा. थांबवायला अक्कल होणा." मला ते शेवटपर्यंत टीचरम्माच म्हणत.

शेडच्या कोपऱ्यात जुन्या सुती वेष्टीखाली एक काम झाकलेलं असायचं. त्याबद्दल विचारलं की मामा दुसरंच काही दाखवत. मग एका रविवारी त्यांनी वेष्टी आपण होऊन काढली. आडव्या धाटणीचं, एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं इंजिन होतं. पूर्वी भाताच्या गिरण्यांत असायचं तसं, फक्त शिवणयंत्राच्या आकाराचं. चाकं स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या एका कारागिरानं काशात ओतून दिली होती. एकेक नट मामांनी स्वतः कातलेला. मूळ इंजिन कच्च्या तेलावर चालायचं. इतक्या लहान आकारात ते काही केल्या जमेना, म्हणून दोन वर्षं वाया घालवून शेवटी पेट्रोल आणि ठिणगीवर आणलेलं. हे सांगताना त्यांना लाज वाटली, जणू पदार्थात बाजारचा मसाला घातला होता.

"कुठलं इंजिन आहे हे?" मी विचारलं.

"पापनाशमचं. आमच्या बापाच्या गिरणीचं." पापनाशम म्हणजे तंजावरजवळचं एक गाव.

"फोटो आहे?"

"फोटो कशाला होणा?" ते म्हणाले आणि वेष्टी परत टाकली.

त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की, व्हर्निअर धरताना त्यांचा उजवा हात थरथरतो. आधी अंगठा, मग मनगट. त्यांनी ते मामींपासून लपवलं होतं. कॉफी डाव्या हातानं घ्यायचे, सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायचे. शेवटी मामींनीच एक दिवस त्यांना डॉक्टरकडे नेलं. कंपवात. औषधानं सावकाश वाढेल, थांबणार नाही. परत आल्यावर मामा तडक शेडमध्ये गेले. मामी पायरीवर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "ह्यांना मरायचं भय नाहीं गं. तें एक इंजिन पुरं व्हायच्या आधीं हात जाईल, ह्याचं भय. काय आहे त्यांत, मला चाळीस वर्षांत सांगितलं नाहीं."

त्यानंतरचे पाच-सहा महिने त्या घरात सगळेच दबून वावरत होते. मामा पहाटे उठून शेडमध्ये जात, कारण औषध घेतल्यानंतरचे पहिले दोन तास हात स्थिर असे. बारीक ड्रिल मोडायचं, स्क्रू हातातून सुटून लेथखालच्या किसात हरवायचा. एकदा मी शोधून द्यायला वाकले तर ते ओरडले, "हात लावूं नको!" लगेच वरमले. पण माफी मागितली नाही. माफी मागणं त्यांना जमतच नसे. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी माझ्या पंख्याला तेल घातलेलं दिसायचं.

इंजिन सुरू झालं ते एका सुट्टीच्या दुपारी. मामांनी मला खाली हाक मारली. चाक फिरवायला त्यांना दुसरा हात हवा होता. तिसऱ्या झटक्याला ते धरलं. टुक्... टुक्... टुक्. लयीत, सावकाश, एखादा म्हातारा जिना उतरावा तसं. एका चाकावरून निवारीचा पट्टा एका लहानशा दांड्यावर जात होता. बाजूला दोन गोळ्यांचा गव्हर्नर फिरत होता. इंजिन वेगात आलं की गोळे बाहेर फाकायचे आणि पेट्रोल कमी करायचे; मंदावलं की आत यायचे आणि पेट्रोल वाढवायचे. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी इंजिन थांबवलं, गव्हर्नरच्या दांडीतली बारीक पोलादी पिन काढली, तिच्या जागी तांब्याच्या तारेचा एक तुकडा वाकवून घातला आणि म्हणाले, "पुन्हा फिरव."

या वेळी आम्ही बराच वेळ बसलो. पंधरा-वीस मिनिटं तीच लय. मग आवाज किंचित चढला. मी मामांकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते. तार झिजून तुटली, गोळे लोंबकळले आणि इंजिनावरचा ताबा सुटला. टुक-टुकचा नुसता एक किंकाळीसारखा आवाज झाला. टेबल हादरू लागलं, पट्टा फाटला आणि त्याचं टोक सपकन पत्र्यावर बसलं. मामा हलले नाहीत. शेवटी मीच पेट्रोलची नळी चिमटीत दाबून धरली. इंजिन धापा टाकत थांबलं.

"पट्टा आधीं नाहीं गेला," मामा म्हणाले. "पाहिलंस ना तू? आधीं वेग. मग पट्टा."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि गिरणीचं इंजिन त्यांच्या ताब्यात होतं. पोंगलच्या आधीचे दिवस, भाताच्या गाड्या दारात उभ्या. सकाळी गव्हर्नर साफ करताना त्याची पिन तुटली. नवी आणायला तंजावरला जावं लागलं असतं, दिवस मोडला असता. त्यांनी सायकलीच्या तारेचा तुकडा घातला. उद्या बदलू. दुपारी इंजिन सुटलं, पट्टा फाटला आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ मानोजी सापडला. एकोणीस वर्षांचा. उजवा हात खांद्याखाली गेला.

"बाप म्हणाला, पट्टा जुना होता. आणि मानू खोट्या जागीं उभा होता, लक्ष नव्हतं त्याचं. अस्के तेंच म्हणाले. इंजिन मोडीत गेलं. तार कुणीं पाहिली नाहीं." त्यांनी फाटलेला पट्टा उचलला. "मी म्हटलं, असेलही. पट्टाच असेल. सत्तेचाळीस वर्षं म्हणतों आहें."

मी फिजिक्सची माणूस. मी म्हटलं, "मामा, लहान इंजिनावरून मोठ्याचं सिद्ध होत नाही. तांब्याची तार वेगळी, सायकलीची वेगळी. वजनं वेगळी, वेग वेगळा."

"तू पुस्तकाचं सांगतेस," ते म्हणाले. "मला कळायचं तें कळलं."

चार दिवसांनी मी त्यांना स्कूटरवरून ओरत्तनाडूला घेऊन गेले. मानोजीराव तिथं एकटेच राहत. सरकारी कचेरीत कारकून होते, डाव्या हातानं लिहायला शिकून नोकरी केली, निवृत्त झाले. लग्न झालं नाही. दरवर्षी पोंगलला मामा त्यांच्याकडे ऊस आणि हळदीचं झाड घेऊन जात, तासभर बसत, पावसापाण्याचं बोलून परत येत, एवढं मला मामींकडून ठाऊक होतं.

मानोजीराव ओसरीवर पेपर वाचत होते. मामा उभ्यानंच म्हणाले, "मानू, गव्हर्नरला पिन नव्हती. मी तार घातली होती."

मानोजीरावांनी पेपराची घडी घातली. एका हातानं, गुडघ्यावर दाबून, अगदी नीट.

"ठाऊक आहे, अण्णा," ते म्हणाले. "तार मीच आणून दिली की. माझ्या सायकलीची. विसरलास?"

मामा खाली बसले. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तो दिवस मनात उलगडला होता, त्यात तार होती, ती आणून देणारा हात नव्हता.

"तारेचा राग नाहीं मला," मानोजीराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "घाई दोघांनाही होती. पण मी खोट्या जागीं उभा नव्हतों. इंजिनाचा आवाज चढला तें मी ऐकलं. तुला सांगायला म्हणून धावलों मी, पट्ट्याच्या बाजूनं. हातभार लावायला येत होतों. आणि घरांत, लग्नांत, श्राद्धाला, कचेरींत अस्के म्हणत राहिले, हा तो, लक्ष नसलेला. तीन सोयरिकी मोडल्या त्या हातामुळें नाहीं, अण्णा. 'धांदरट आहे' म्हणून. तू समोर बसून ऐकत होतास. एकदां सुद्धां नाहीं म्हणालास."

थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. मानोजीरावांनी तो पाहिला. "ऊन चढायच्या आधीं जा," एवढं म्हणाले.

घरी आल्यावर शेडला कुलूप लागलं. जेवण निम्मं झालं. मामी मला विचारत, मी काय सांगणार? शेवटी मामांनीच त्यांना सांगितलं. त्या दिवशी मामी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून एवढंच म्हणाल्या, "घरांत बोललेलं घरांत मिटवतां येतं. हें चार लोकांत बोललेलं आहे."

महिन्याभरानं मामांना सत्तर वर्षं पुरी होत होती. तिरुवैयारूला भीमरथ शांती ठरली. चेन्नई, कुंभकोणम, बंगळूर, सगळीकडून भाऊबंद आले. होम झाला, अभिषेकाचं पाणी झालं, आशीर्वाद झाले. जेवणाची पानं मांडली. मानोजीराव नेहमीप्रमाणे पंगतीच्या अगदी टोकाला बसले, डाव्या हातानं जेवणारा माणूस मधे दिसू नये म्हणून. वाढप सुरू होणार एवढ्यात मामा ओल्या नव्या वेष्टीतच उठले आणि पंगतीच्या मधोमध टेबलावर त्यांनी ते इंजिन आणून ठेवलं. लोकांना वाटलं, म्हातारा आपली कला दाखवतो आहे. मुलं धावत आली. मी चाक फिरवलं. टुक्... टुक्. कुणी मोबाइल काढले.

मामांनी इंजिन बंद केलं आणि बोलायला लागले. मराठीत नाही, तमिळमध्ये. धाकट्या मुलांना मराठी कळतं, पण सगळं कळत नाही, आणि त्यांना सगळ्यांना कळायला हवं होतं. पिन, तार, आवाज, पट्टा, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मानोजी चुकीच्या जागी उभा नव्हता. तो मला सावध करायला येत होता. लक्ष माझं नव्हतं. हे मी तेव्हाच सांगायचं होतं. तुम्ही आपल्या आई-बापांकडून दुसरं ऐकलं असेल, ते खोटं आहे. ते खोटं मी चालू दिलं."

एक म्हातारी आत्या मराठीत पुटपुटली, "मंगल दिवशीं हें काय म्हणून?" मानोजीरावांनी मान वर केली नाही. त्यांच्या पानावर मीठ, कोशिंबीर वाढलेली होती. ते उठले, नळावर हात धुतला आणि चपला घालून बसस्टँडकडे चालू लागले. मामा मंडपाच्या दारापर्यंत गेले, पुढे गेले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते म्हणाले, "जेवला नाहीं गं तो." तेवढंच, तीन-चार वेळा.

पुढच्या गुरुवारी सकाळी मानोजीराव तंजावरला आले. त्या घराची पायरी ते तीस वर्षांत चढले नव्हते. "इंजिन दाखव," म्हणाले. मामांनी कुलूप काढलं. मामांच्या हातून चाक फिरेना, तेव्हा मानोजीरावांनी डाव्या हातानं फिरवलं. दोघं ऐकत बसले. मग मानोजीराव म्हणाले, "गव्हर्नर जरा डावीकडे होता," आणि मामा म्हणाले, "नाहीं, इथंच." त्यावर तासभर वाद झाला. मामींनी आतून मला खूण केली, बोलू नकोस म्हणून.

त्यानंतर ते दर गुरुवारी येऊ लागले. माफीचा, त्या दिवसाचा विषय निघत नसे. कधी कॉफी घेत, कधी न घेताच जात. मामांचा हात आता चमचाही धरू शकत नव्हता. मानोजीराव डाव्या हातानं कानस धरत आणि मामा सांगत, "थांब, मोज." दोघांत मिळून एकच धड हात होता, आणि त्या हातानं त्यांनी गिरणीचा दांडा, त्यावरची चाकं, एक भात सडायचं यंत्रसुद्धा करायला घेतलं. पण हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मामा दर बुधवारी संध्याकाळपासून अस्वस्थ असत. उद्या येईल की नाही, हे त्यांना दर वेळी नव्यानं वाटे.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीला सांगलीला आले होते, तेव्हा मामा गेले. न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत संपलं. मामींनी कळवलं तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर काही दिवसांनी मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी 'तंजावूर, तंजावूर' ओरडतंय.

"टीचरम्मा, मी मानोजी. ओरत्तनाडूच्या स्टँडवर आहें. आज गुरुवार म्हणून उठून आलों, इथं आल्यावर आठवलं."

मी फोन घेऊन अंगणात आले.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तो जातांना तुला कांहीं बोलला होता कां? मीं त्याला माफ केलं कां नाहीं, असं?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याशी त्यावर कधीच बोलले नाहीत."

"माझ्याशींही नाहीं. मलाच ठाऊक नव्हतं, काय सांगणार? दर वेळीं वाटायचं, आज जाऊन पाहूं. पाहतां पाहतां आठ महिने गेले." मग म्हणाले, "बस लागली आहे. जाऊं कां नको?"

"जा," मी म्हटलं. "मामी घरी एकट्या आहेत."

"सरि, बरं," ते म्हणाले. फोन बंद न करताच त्यांनी खिशात टाकला असावा. एका हातानं दांडा धरून पायरी चढताना त्यांना लागलेली धाप मला ऐकू आली, आणि मग कंडक्टरला त्यांनी सांगितलं, "तंजावूर, एक."